जाऊन राहिली

गुणवंतराव खानझोडे विमानाचं तिकीट बघायला बसले, की आधी एक मोठी जांभई देत. खोटी. मग खुर्चीत रेलून, चिवड्याचा भाव विचारावा तशा आवाजात भिंतीवरच्या पडद्याला म्हणत, "नागपूर ते बर्गन. कधीचंही दाखव. नाही गेलो तरी चालेल."

दिवाणावर आडव्या पडलेल्या हेमलताबाईंना हसू आवरत नसे. "नाटकात काम करायला पाहिजे होतं तुम्ही."

"बोलू नको. ऐकून राहिला तो."

पडदा खरोखरच ऐकत असे. हा सगळा प्रताप हेतुमापी नावाच्या यंत्रणेचा. पूर्वी विमानाचं भाडं अंतरावर ठरायचं, मग गर्दीवर ठरू लागलं आणि आता ते गरजेवर ठरत होतं. तुम्ही तिकीट किती वेळा बघता, कुठल्या दवाखान्यात जाता, विचारताना आवाज किती ताणलेला असतो, हे सगळं हेतुमापी जोखायची आणि जेवढी निकड जास्त तेवढा आकडा वर चढवायची. गरजवंताला अक्कल नसते, ही आपली म्हण विमानवाल्यांनी जरा जास्तच मनावर घेतली होती.

आणि खानझोड्यांची निकड लपण्यासारखी नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी मृण्मयी नॉर्वेतल्या बर्गन शहरात राहत होती. तिचा मुलगा दिवस भरण्याआधीच जन्मला होता, आणि त्याची फुप्फुसं इतकी नाजूक होती की डॉक्टरांनी पुढची दोन वर्षं त्याला विमानात बसवायलाच बंदी केली होती. इकडे हेमलताबाईंचा कर्करोग पाठीच्या मणक्यांपर्यंत पोचला होता. त्यांना फार वेळ बसता येत नसे. झोपून मात्र त्या कुठेही गेल्या असत्या. म्हणजे प्रवास करायचा तर बिझनेस क्लासनेच, जिथे खुर्चीचा सपाट पलंग होतो. त्याचं नागपूरहून, मुंबईहून, दिल्लीहून जे भाडं पडद्यावर येई ते ऐकून गुणवंतराव जांभई विसरून जात. घर विकलं असतं तरी एकीचंच तिकीट आलं असतं, आणि एकटीला पाठवायचं कसं?

वाट दाखवली ती रोशनी बागडेने. रोशनी त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता तिची स्वतःची प्रवास-कचेरी होती.

"सर, इथून निघूच नका," ती म्हणाली. "कोलंबोहून निघा. तिथे चार कंपन्या झोपायच्या आसनांसाठी भांडून राहिल्या, आसनं रिकामी जातात. आणि इथल्या दवाखान्यांची माहिती तिथल्या यंत्राकडे जात नाही. भाडं तिसऱ्या हिश्श्यावर येते."

"नॉर्वेला जायला आधी श्रीलंका?" गुणवंतराव म्हणाले. "याला द्राविडी प्राणायाम म्हणतात बाई."

"अगदी शब्दशः, सर. चेन्नईवरूनच जायचं आहे." रोशनी हसली आणि मग गंभीर झाली. "फक्त एक अट आहे. हे भाडं जाऊन येणाऱ्यांसाठी आहे. लोक स्वस्त म्हणून दुहेरी तिकीट काढतात आणि परतीचं फेकून देतात, ते कंपन्यांना नको असते. म्हणून तिकिटाआधी ओळखबोल होईल. यंत्र दोन-चार प्रश्न विचारेल आणि तुम्ही परत येणार की नाही ते ठरवेल. दोघांचं एकाने सांगितलं तरी चालते. एकदा नाही म्हटलं, की ते भाडं गेलंच समजा."

"खोटं बोललं तर कळते का त्याला?"

"खरं-खोटं त्याला काय कळणार? बोलणाऱ्याला स्वतःला पटलं आहे का, तेवढं ऐकते. आवाजावरून."

"मग काय भीती आहे? आम्ही येणारच आहो परत. दिवाळी इथेच करायची आहे," गुणवंतराव म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून पटलेलं होतं.

घरी येताच ते वेळापत्रकाला भिडले. मुख्याध्यापक असताना अख्ख्या शाळेचं वेळापत्रक ते एकहाती लावत. गणिताच्या दोन मास्तरांचं आपसात पटत नसतानासुद्धा. त्यापुढे हे काय होतं? नागपूर ते चेन्नई पहिली तासिका, चेन्नई ते कोलंबो दुसरी, मध्ये लहान सुट्टी. कोलंबोत एक दिवस हॉटेलात आडवं पडायचं आणि मग थेट पलंगावरून बर्गनकडे. प्रश्न फक्त पहिल्या दोन तासिकांचा होता. त्या साध्या खुर्चीत काढायच्या होत्या.

म्हणून मग खानझोड्यांच्या घरात रोज संध्याकाळी विमान उडू लागलं. कूलरसमोर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी, हेमलताबाईंच्या पाठीशी उश्या, आणि गुणवंतरावांच्या उपरण्याचा पट्टा. कूलरची घरघर इंजिनासारखी होतीच. गुणवंतराव उभे राहून घोषणा करत, मग स्वतः शेजारी बसत आणि खिडकी नसलेल्या बाजूला बोट दाखवून सांगत, "ते पाहा, वर्धा गेलं."

पहिल्या दिवशी वर्धा गेलं आणि हेमलताबाईंच्या कपाळावर घाम फुटला. "मला उतरवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांना उचलून दिवाणावर नेताना गुणवंतरावांना जाणवलं की बायको किती हलकी झाली आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी उशी बदलली. हळूहळू विमान बल्लारशा ओलांडू लागलं, मग नदी ओलांडू लागलं. एका संध्याकाळी ओठ दाबून, डोळे मिटून हेमलताबाई थेट कोलंबोपर्यंत बसल्या. गुणवंतरावांनी सगळ्या शेजाऱ्यांना संत्राबर्फी वाटली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

त्या रात्री फोनवर मृण्मयी रडत म्हणाली, "आई, नको गं एवढा त्रास घेऊ. रोज पडद्यावर पाहतेच ना तू त्याला?"

"पडद्यावरून मांडीवर घेता येत नाही," हेमलताबाई म्हणाल्या.

ओळखबोल रविवारी दुपारी ठरला. हेमलताबाईंनी वेणी घालून घेतली, ठेवणीतली निळी साडी नेसली. पडद्यावर चेहरा नव्हता, नुसता आवाज आला. गोड, स्वच्छ, एकही शब्द न घसरणारा. शनिवार-सदाशिवात जन्म गेल्यासारखा. यंत्र मराठी शिकलं होतं ते पुस्तकं वाचून आणि बातम्या ऐकून, म्हणजे विदर्भ सोडून.

"नमस्कार. हेमलताताई, आपल्या प्रवासाचं कारण सांगाल का?"

"नातवाला पाहायला जाऊन राहिली," हेमलताबाई म्हणाल्या.

"आभारी आहे. आपण नातवाकडे जाऊन राहणार आहात, अशी नोंद झाली आहे. परतीचा हेतू आढळला नाही. आपल्याला एकेरी भाडं लागू होईल." आणि पडद्यावर जुना, खुर्चीवरून पाडणारा आकडा उमटला.

गुणवंतराव ताडकन उभे राहिले. "अहो बाई! जाऊन राहिली म्हणजे जात आहे! आमच्याकडे असंच बोलतात. मी जेवून राहिलो, ती झोपून राहिली, पाऊस पडून राहिला. इथे कोणी कुठे राहत नाही!"

"क्षमस्व. प्रादेशिक प्रयोगाबद्दल शंका नोंदवली आहे. आपणास एक फेरसंधी आहे. तयार झालात की ध्वनी सुरू करा."

पडद्यावर आवाज बंद झाल्याची खूण आली. गुणवंतराव हसत सुटले. इतक्या दिवसांचा ताण त्या हसण्यात मोकळा होत होता. "पाहिलं? एवढं शिकलेलं यंत्र, पण नागपुरात येऊन नापास. आता फक्त सरळ सांग, मी परत येणार आहे. पुस्तकातल्यासारखं."

हेमलताबाई हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "ते बरोबरच ऐकून राहिलं हो."

"म्हणजे?"

"मागच्या वेळी तुम्ही औषधं आणायला खाली गेले होते ना, तेव्हा डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, जायचं तर जा, पण एकदाच. दोनदा नाही जमणार. दिवाळी नाही म्हणाल्या त्या."

कूलर घरघरत राहिला. गुणवंतराव खुर्चीत बसले. "मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही वर्धा दाखवून राहिले होते, बल्लारशा दाखवून राहिले होते. कसं सांगू?" त्यांचा आवाज फुटला. "आताही सांगणार नव्हती. पण त्याने विचारलं तर माझ्या तोंडून परत येते म्हणून निघणार नाही. तुम्ही बोला. दोघांचं एकाने सांगितलं तरी चालते, म्हणाली ना रोशनी."

गुणवंतरावांना एकदम सगळं कळलं आणि कळायला नको होतं असं वाटलं. पाच मिनिटांपूर्वी ते हसत हसत म्हणाले असते, दोघंही येऊ, आणि यंत्राने निमूट मानलं असतं, कारण तेव्हा ते खरंच होतं. आता तेच शब्द त्यांच्या तोंडून खरे निघणार नव्हते. इतक्या वर्षांत बायकोने त्यांच्यापासून एकच गोष्ट लपवली, आणि ती सांगायला हीच वेळ निवडली. त्यांना तिचा राग आला. भयंकर राग आला, आणि लगेच रडू आलं. त्यांनी उपरण्यात तोंड खुपसलं. हेमलताबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, जणू आजारी तेच होते.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "नाही जमत तर नाही. पडद्यावर पाहीन मी त्याला."

गुणवंतरावांनी तोंड पुसलं. खोटं बोलून उपयोग नव्हता, ते खोटं त्यांनाच पटणार नव्हतं. मग खरं काय होतं? मृण्मयीच्या दारात ही बाई बाळाला मांडीवर घेऊन बसेल, ते खरं होतं. नंतर जे होईल तेही खरं होतं. आणि त्यानंतर? त्या थंड, परक्या गावात तिला एकटीला ठेवून ते माघारी फिरले असते का? रामटेकला अंबाळा तलावाच्या पाण्यात त्यांच्या आईवडिलांचं अस्थिविसर्जन झालं होतं. हिचं दुसरीकडे कुठे होणार?

त्यांनी ध्वनी सुरू केला.

"सांगा," तो गोड आवाज म्हणाला. "आपण दोघेही परत येणार आहात का?"

"मी हिला परत घेऊन येईन," गुणवंतराव म्हणाले. आवाज जराही हलला नाही. "काहीही झालं तरी."

हेमलताबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांना समजलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांखालून पाणी वाहत होतं, पण बऱ्याच दिवसांत नव्हत्या इतक्या त्या निवांत दिसत होत्या.

यंत्राने ते वाक्य पारखलं. त्यात भीती होती, दुःख होतं, पण संशयाला जागा कुठेच नव्हती.

"आभारी आहे. परतणारे प्रवासी दोन, अशी नोंद झाली आहे. कोलंबोहून सवलतीचं भाडं मंजूर." पडद्यावरचा आकडा खाली उतरला. गुणवंतरावांनी हेमलताबाईंचा हात घट्ट धरला. पोचणार होती ती. मांडीवर घेणार होती.

"एक शेवटचा प्रश्न," आवाज म्हणाला, तितक्याच आपुलकीने. "परतीच्या प्रवासातही आपल्या दोघांना झोपण्याची आसनं लागतील का?"