हिरवा म्हटलं की हिरवा

पडद्यावर रेल्वेचा गेटमन बराच वेळ विडी ओढत बसला होता, आणि सभागृहात कुणीतरी घोरत होतं.

सिनेमा हिंदी, पुरस्कार मिळालेला. रेल्वेतल्या माणसांचा आणि त्यांच्या प्रेमाचा. अशा सिनेमात फारसं कुणी बोलत नाही, त्यामुळे ते घोरणं नांदेडच्या सगळ्या फिल्म क्लबला नीट ऐकू आलं. देविका क्लबचं काम बघायची. ती मूळ लातूरची, इथं ज्युनिअर कॉलेजात शिकवायची. शेवटच्या रांगेत जाऊन तिनं त्या तरुणाचा खांदा हलवला. त्यानं दचकून हात समोर धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “होम, हिरवा!”

सभागृह हसलं. देविकाला राग आला. त्याचे डोळे छान आहेत, हे मात्र रागातही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

“झोपायलाच आला होतात का?” सिनेमा संपल्यावर तिनं त्याला बाहेर गाठलंच.

“न्हाई हो मॅडम. पोस्टरवर इंजिन दिसलं, ड्युटीवरून थेट आलो.” तो संगमेश, निलंग्याचा, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. “शेवटी काय झालं? लगीन झालं का त्यांचं?”

“ते प्रेक्षकानं ठरवायचं असतं.”

“हे बरंय! तिकीट आमीच काढायचं आन् लगीनबी आमीच लावायचं?”

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. मग चहा झाला.

“आणि ते होम, हिरवा काय होतं?”

“होम म्हंजी स्टेशनात शिरायच्या आधीचा सिग्नल. इंजिनात दोघं असतोत. एकानं सिग्नल बघून हात करायचा, मोठ्यानं बोलायचं. दुसऱ्यानं स्वतः बघायचं, मगच तेच परत म्हणायचं. नुसतं ऐकून म्हणायचं न्हाई.”

“आणि दुसरा गप्प बसला तर?”

“तर आमचे मोठे पायलट, रेवणप्पाकाका, लई शिव्या देतेत.”

पुढच्या सिनेमालाही तो आला, आणि झोपला. या वेळी देविकानं उठवलं नाही; शेजारी जाऊन बसली. नंतर चहावर ती त्याला गोष्ट सांगायची आणि तो त्यातल्या सगळ्यांची लग्नं लावून टाकायचा. असे कितीतरी सिनेमे झाले. देविका प्रेमात पडली. हे तिला कळलं, क्लबला कळलं, चहावाल्यालाही कळलं. संगमेशलाही कळलं असेल, असं ती धरून चालली होती. न बोलता समजण्यातच खरी गोडी, असं सिनेमे बघून बघून तिचं मत झालं होतं.

मग एकदा ती म्हणाली, “रविवारी लातूरला मला बघायला येणार आहेत... मुलगा पुण्याचा आहे.”

“बरं...” तो म्हणाला, आणि बशीकडं बघत राहिला. अगदी त्या गेटमनसारखा. देविकाला तो सिनेमा पहिल्यांदाच भिकार वाटला.

शनिवारी ती लातूरला निघाली. नांदेडहूनच सुटणारी गाडी. इंजिनाच्या खिडकीत संगमेश दिसला. पलीकडे मिशाळ रेवणप्पाकाका. देविका आपला डबा ओलांडून तशीच पुढं गेली.

“संगमेश... मला तुझ्याशी लग्न करायचंय.”

तो काच पुसत होता. पुसतच राहिला.

“आरं, पोरगी बोलून राहिली आन् तू काच पुसून राहिला?” रेवणप्पाकाका खेकसले. “परत म्हण की!”

संगमेशनं तिच्याकडं पाहिलं. नीट, निवांत पाहिलं. मग हात समोर धरला आणि फलाटभर ऐकू जाईल असं म्हणाला, “मला तुझ्याशी लग्न करायचंय!”

“हे... नियम म्हणून?”

“बघितल्याबिगर परत म्हणत न्हाईत. सांगितलं व्हतं की तुला.”

गाडी सुटल्यावर देविकानं घरी फोन लावला.

“बाबा, पुण्याच्यांना नको म्हणून कळवा. माझं ठरलंय. मुलगा निलंग्याचा आहे, आपल्यातला नाही, लिंगायत आहे, आणि रेल्वेत इंजिनावर आहे.”

पलीकडे मार्तंडराव गप्प. एक स्टेशन मागं गेलं तरी गप्प.

“बाबा, ऐकलंत ना? मग परत म्हणा.”

“निलंग्याचा...” ते सावकाश म्हणाले. “लिंगायत... इंजिनावर.” घसा खाकरला. “पोहे खातो ना तो?”