खुर्चीची चिठ्ठी

जेवणं उरकली, गच्चीतला दिवा मालवला आणि भाच्यांनी मामांना घेरलं. ही ऐकीव नाही, मामा म्हणाले. ज्याच्यावर बेतली तो अजून रोज त्यांच्याबरोबर चहा पितो. अकरा तारीख, मंगळवार, रात्रीचे सव्वानऊ.

तो डायलिसिस सेंटरात टेक्निशियन होता. शेवटची पाळी सुटली होती. सकाळी एका मावशींचं पहिलंच डायलिसिस. त्यांना उभं राहवत नव्हतं, म्हणून चाकाची खुर्ची पुसून ठेवायची, एवढंच काम उरलं होतं.

ती खुर्ची टेलर मास्तरांची. म्हणजे मास्तर होते तोवर. डायलिसिस सुरू होऊन तीन महिनेही झाले नाहीत तोच ते गेले. अशा पेशंटचं वजन खुर्चीसकट करतात आणि खुर्चीचं वजा करतात. खुर्चीच्या पाठीवर चिठ्ठी होती : अठरा किलो. उरलेलं वजन ठरलेल्या अठ्ठावन्नवर येईपर्यंत अंगातलं पाणी काढायचं.

मास्तर कुरकुरायचे. रात्रभर पायांत गोळे, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी.

"अरे, विजार कमरेत दोन बोटं सैल झाली आणि तुझा काटा म्हणतो वजन तेवढंच. कापड खोटं बोलत नाही, बाबा."

टेक्निशियन हसायचा. मास्तर त्याच्या पांढऱ्या कोटाकडे बघायचे. "आणि हा तंबू कुणी शिवला? एकदा मापच घेतो तुझं."

तक्रारीच्या रकान्यात तो दर वेळी लिहायचा : नाही.

त्या रात्री खुर्ची उचलताना त्याला जड लागली. जुनी मोडल्यावर ही आली होती आणि जुनीची चिठ्ठी काढून हिला चिकटवली होती. कुणी? त्यानंच. त्यानं रिकामी खुर्ची काट्यावर चढवली.

साडेवीस.

म्हणजे दर वेळी मास्तरांना ठरल्यापेक्षा अडीच किलो खाली, साडेपंचावन्नवर उतरवलं जात होतं. आणि उद्या मावशी.

त्यानं मॅनेजरला फोन लावला. पलीकडून जांभई आली. मास्तरांचं वय झालं होतं, मॅनेजर म्हणाला. चिठ्ठी आज बदललीस तर कालचं विचारतील; महिनाअखेरीला बघू. उद्या अहवाल जायचाय.

त्या अहवालात लिहिलं होतं, डायलिसिसनंतर पेशंटांचं जगणं सुधारलं. तीन महिन्यांच्या आत गेलेले त्यात धरलेच नव्हते. इथे मामांचा आवाज चढला. मेलेल्याला कोण विचारणार, तुमचं जगणं कसं होतं म्हणून?

"तुझी नोकरी अजून कच्ची आहे ना?" मॅनेजरनं विचारलं. आणि फोन ठेवला.

टेक्निशियनच्या घरी तान्हं बाळ होतं. त्यानं पेन खिशात घातलं. दिवे घालवले.

मागे काटा उजळला.

साडेवीस. चाळीस. साठ... शहात्तर.

खुर्ची रिकामी होती.

त्यानं वजाबाकी केली. नको असतानाही झाली ती. साडेपंचावन्न...

"मास्तर?"

...

कमरेला काहीतरी गार टेकलं. आधी डावीकडे. मग उजवीकडे.

तो वळला नाही. चिठ्ठी फाडली. नवी लावली : साडेवीस. मग वही उघडून मास्तरांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं : तक्रार होती. दर वेळी होती.

काटा साडेवीसवर आला.

रात्रभर तो खुर्ची धरून दारात बसून राहिला. कुणी चिठ्ठी बदलेल, असा संशय येत होता. मॅनेजरचा, चौकीदाराचा, स्वतःचासुद्धा. सकाळी डॉक्टर आले तशी वही त्यांच्यापुढे ठेवली. मावशींचं वजन बरोबर झालं. घरी निघताना त्यांनी विचारलं, एवढंच होतं तर मला इतकं घाबरवलंत कशाला? आज तीन वर्षं झाली, अजून येतात आणि सगळ्यांना फैलावर घेतात.

दुपारी त्याची नोकरी गेली. मॅनेजर म्हणाला, कोट जमा कर.

त्यानं कोट काढला. कमरेशी दोन्ही बाजूंना शिंप्याच्या निळ्या खडूच्या रेघा होत्या. सरळ, दोन-दोन बोटं आत.

धाकटी भाची म्हणाली, कुणी मुद्दाम मारल्या असतील, कोट खुंटीला असताना.

"कोट आदल्या संध्याकाळपासून त्याच्या अंगातच होता."