जोडपट्टीवरचं नाव

बापाचा शब्द खरा करायला जानराव खोब्रागडे समुद्राकडे निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीत लोखंड कापायचा हॅक्सॉ होता, नट आवळायचे दोन-तीन पाने होते, हेल्मेटं होती, ठेच्याची बाटली होती आणि सोबत बायको होती. यातली सगळ्यात धारदार चीज म्हणजे बायको!

गोष्ट अशी, की जानरावचा बाप तेजराम भिलाईच्या कारखान्यात लागायच्या आधी नागपूरकडच्या खलाशांच्या गँगमध्ये होता. हे खलाशी बोटीवरचे नव्हेत, मणामणाचं लोखंड उचलून बरोब्बर जागेवर बसवणारी ती माणसं. महानदी समुद्राला मिळते तिथं खनिज बोटीत भरायला एका कंपनीनं जेट्टी बांधली, ती उभी केली याच गँगनं. पुढं नदीनं गाळ आणून ओतला, बोटी यायच्या थांबल्या, जेट्टी ओसाड झाली. तेजराम मरेपर्यंत एकच सांगायचा, समुद्राच्या छातीवर आमचं नाव लिवून आलो म्हणून.

बाप गेला, गोष्ट जानरावकडं आली आणि तिथंच तिची माती झाली! कारण बापाच्याच कारखान्यात लागलेला जानराव म्हणजे भिलाईच्या सेक्टरातला नामी टारगट. एका होळीला त्यानं कँटीनच्या दारावर फुकट जिलबीची नोटीस चिकटवली, तर दुसऱ्या दिवशी अर्धी शिफ्ट डबे घेऊन हजर! अशा माणसाचं कोण ऐकणार? विहारात वंदना झाल्यावर चहा पिता पिता रेल्वेतला सुशील मेश्राम सगळ्यांदेखत बोलला.

"खोब्रागड्याच्या घरी बाप जमीन ठिवून नाही जात गा. जीभ ठिवून जाते."

सगळे हसले. जानरावही हसला, पण घरी येऊन ताटावर बसला नाही. त्याला फेकाड्या म्हणा, ती तर त्यानं मेहनतीनं कमावलेली पदवी होती. पण बापाला? बापाला नाही म्हणायचं! फोटो आणावा तर लोक म्हणणार मोबाईलवर बनवला. म्हणून त्यानं ठरवलं, नावासकट लोखंडच कापून आणायचं आणि सुशीलच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचं.

भिलाईतल्याच नेहरू नगरात राहणाऱ्या, ओळखीच्या नरहरीबाबूंची मुलगी सोनल जुन्या, बंद पडलेल्या कारखान्यांच्या अवशेषांचा अभ्यास करत होती. उपग्रहाच्या नकाशात खाडीच्या काठावरची ती बारीक काळी रेघ तिनंच हुडकली आणि तीही सोबत निघाली. जानरावच्या बायकोनं, कांतानं, आपलं नाव आपणच घातलं. हा माणूस एकटा गेला तर समुद्र विकून येईल, असं तिचं म्हणणं.

गाडी, मग बस, मग बनमाली नावाच्या उडिया नावाड्याची मोटारबोट. दोन्ही काठांना खारफुटीचं रान, गाळात रोवलेली तिची वाकडी मुळं, मधूनच पांढरा बगळा आणि सगळ्यावर खारट, कुजकट, तरीही हवासा वाटणारा वास. पाणी इतकं पसरलं होतं की नदी कुठं संपली आणि समुद्र कुठं सुरू झाला, ते दोघांनाही ठाऊक नसावं. यात आपल्या भिलाईजवळच्या शिवनाथ नदीचंही पाणी आहे, असं सोनलनं सांगितल्यावर कांतानं ओंजळभर घेऊन चाखलं आणि थुंकलं. माहेर सोडल्यावर पाणीही बदलते, म्हणाली.

वळण सरलं आणि जेट्टी दिसली!

गंजून लालकाळी झालेली, खांबांना कालवं चिकटलेली, अर्धी पडलेली, अर्धी ताठ. वरचे रूळ मध्येच हवेत तुटले होते आणि खनिजाची एक वाघीण, म्हणजे रुळावरचा मालडबा, तिथंच जन्मभराची थांबली होती. सोनलनं कॅमेऱ्याची बॅग छातीशी धरली.

पुढं गाळामुळं पाणी उथळ होतं. बनमालीनं मोटारबोट खोल पाण्यात उभी केली आणि यांना छोटी डोंगी दिली. काठावर मगरी असतात, पाण्यात हात घालू नका आणि दोर ढिला बांधा, एवढं त्यानं हिंदीत बजावलं. मगरींचं जानरावनं मनावर घेतलं. दोराचं मात्र त्याला लागलं. ज्यानं भट्टीवर टनाटनाचा माल लटकवला, त्याला हा गाठ शिकवणार? जेट्टीखाली पोचल्यावर त्यानं डोंगीचं नाक खालच्या आडपट्टीला असं करकचून आवळलं की तसूभर हलू नये. भिलाईच्या माणसाला कसं कळावं? शिवनाथचं पाणी चढायला पावसाळा लागतो. इथं भाकर खाऊन होईस्तोवर चढतं!

ओहोटीनं उघड्या पडलेल्या आडपट्ट्यांवर पाय ठेवत ते खालून एकेक सांधा बघत चालले. पट्टीवर शेवाळ, खाली चिखल. जानरावचा पाय दोनदा सटकला. मधल्या खांबाशी दोन गर्डर भेटत होते आणि त्यांना धरणारी जाड जोडपट्टी कालवांनी भरली होती. त्यानं पान्यानं खरवडलं. खाली वेल्डिंगच्या फुगीर रेषा लागल्या. एक अक्षर. मग दुसरं. मग सगळी ओळ!

जय भीम. आणि तिच्याखाली, नागपूर खलाशी गँग.

तेजराम हे नाव कुठंच नव्हतं. जानरावनं पट्टीची दुसरी बाजूसुद्धा चाचपली. मग त्याच्या ध्यानात आलं, बाप 'माझं नाव' कधी म्हणालाच नव्हता. 'आमचं' म्हणायचा. ज्या माणसांना साहेबांच्या माठातलं पाणी वरून ओतून मिळायचं, त्यांनी त्याच साहेबांच्या जेट्टीवर आगीनं लिहिलं होतं! जानराव वर तोंड करून बघत राहिला. त्यानं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

मग त्यानं हॅक्सॉ काढला.

पहिला बोल्ट कापला आणि वरून कर्र्र्र! गर्डर बोटभर खाली बसला. गंजाचा पाऊस पडला. वरची वाघीण किंचाळत सरकली! आवाजात काहीच ऐकू येईना. जानरावनं वळून बघितलं, तर कांता मूठ आवळून हात उंच धरून उभी.

कारखान्यात भट्टीच्या गोंगाटात ती वर क्रेन चालवायची आणि हा खालून इशारे द्यायचा. आवळलेली मूठ म्हणजे थांब, हलू नको. तो इशारा आजवर यानं तिला दिला होता. आज तिनं याला दिला. त्याचा हात जागीच थिजला.

आवाज निवल्यावर ती बोलली. "लोड त्याच्यावरच हाये. थे काढसान तं सारी जेट्टी पडते."

जानरावनं सांध्याकडं पुन्हा नीट बघितलं आणि त्याला हसू फुटलं. बाप तर त्याच्याहून टारगट निघाला! नाव लिहिलं तेही अशा पट्टीवर, की ज्याला ते पुसायचं असेल त्यानं आधी सगळी जेट्टी अंगावर घ्यावी.

"राहू दे इथंच," तो म्हणाला. "बरोबर जागी बसवलं हाये बुढ्यानं."

तेवढ्यात सोनलनं डोंगीकडं बोट दाखवलं. भरती आली होती! पाणी वर आणि नाक खाली बांधलेलं. डोंगी शेपटी उचलून पाणी पीत होती. सोनलची कॅमेऱ्याची बॅग त्यांच्या डोळ्यांदेखत घरंगळली आणि गडप झाली. गाठ तर केव्हाच बुडाली होती. समोरच्या चिखलातलं एक लाकूड पाण्यात सरकलं. लाकूड कसलं? मगर!

जानरावनं हॅक्सॉ दातात धरला आणि छातीभर पाण्यात उतरला. कांतानं मागून त्याचा पट्टा धरला. सोनल खांबावर पाना बडवू लागली. ठण! ठण! ठण! मगर थबकली. जानरावनं बुडी मारली, पातं दोरावर घासलं. एकदा. दोनदा. श्वास संपला! वर आला, पुन्हा बुडला. दोर तटकन तुटला आणि डोंगी उसळून सरळ झाली. कांता आणि सोनलनं तिच्यात उडी घेतली आणि कांतानं त्याला बाजारातल्या पोत्यासारखं आत ओढलं. हेल्मेटांनी पाणी उपसत, वल्ही मारत ते सुटले. भरतीच्या पाण्यानं उथळावरून आत शिरलेली बनमालीची बोट अर्ध्या वाटेत भेटली.

जानरावनं मागं बघितलं. पट्टीवरची अक्षरं पाण्याखाली चालली होती आणि वर जेट्टी उभीच्या उभी होती. आता लोकांना काय दाखवणार, असं कांतानं विचारलं. त्यानं हेल्मेटात उरलेलं पाणी बाहेर ओतलं.

पुढच्या रविवारी विहारात सगळे कान टवकारून बसले. मोठी फेक ऐकायला मिळणार म्हणून सुशीलनं पुढची जागा धरली होती. जानरावनं सांगितलं ते असं: गेलो, जेट्टी आहे, नाव आहे, पण ते एका माणसाचं नाही, साऱ्या गँगचं आहे, काढलं तर जेट्टी पडते म्हणून राहू दिलं. बस्स. सोनलला राहवलं नाही, ती मगरीचं सांगायला लागली, तर त्यानं तिला हातानंच थांबवलं. बापाच्या गोष्टीत त्याला आपली मसाला घातलेली भाजी मिसळायची नव्हती.

सुशीलनं हातातला कप खाली ठेवला. जानरावच्या हाती आयती मगर लागावी आणि त्यानं ती सोडून द्यावी! मग ही गोष्ट फेक कशी असेल? चहा निवून गेला.

"का गा जानराव," शेवटी त्यानं हळूच विचारलं, "तिकडं गाडी कोणती जाते?"