रोजची तीन वाक्यं

वॉर्डातला फोन वाजला आणि धाकटी सिस्टर पळाली. साधी नाही, धूम पळाली! जिना उतरून समोर दिसलं त्या दारात शिरली, दार लोटून घेतलं, आणि मग तिला कळलं की ही एक्स-रेची खोली आहे. शिवाय खोलीत कुणीतरी आहे.

"हाड मोडलंय?" त्या कुणीतरीने विचारलं.

"नाही."

"मग मोडायचा विचार आहे?"

हसायला यायचं, तर तिला रडूच आलं. सगळं हॉस्पिटल ज्याला फोटोवाला म्हणायचं, तो हाच. त्याने स्टूल पुढे सरकवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि गप्प उभा राहिला. कुणी असं गप्प उभं राहिलं की माणूस आपोआप बोलायला लागतं.

मोठे सर्जन परदेशातून आलेले, त्यांना इंग्रजीशिवाय दुसरं काही समजत नसे. आणि हॉस्पिटलचा नियम असा, की पेशंटला ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यानेच फोनवर सांगायचं, मध्ये निरोप्या चालायचा नाही. इंग्रजी म्हटलं की धाकटीची दातखीळ बसायची. गेल्या आठवड्यात एका आजोबांचा श्वास लागला. तिने फोन लावला, पलीकडून "येस?" ऐकलं… आणि ठेवून दिला. मोठ्या बाई, म्हणजे मेट्रन, तेवढ्यात आल्या म्हणून आजोबा वाचले.

"आणि पुढच्या वेळी कुणी आलंच नाही तर?" ती म्हणाली. "माझ्या भित्रेपणाने कुणाचा तरी जीव जाईल हो…"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तिचा ब्रह्मराक्षस पांढरा होता, आणि त्याला वेटोळ्याची वायर होती.

"आजाराचं नाव डॉक्टर सांगतील," फोटोवाला म्हणाला. "तुम्ही फक्त दिसतं ते सांगायचं. उद्या जेवणाच्या सुट्टीत या."

मग रोज दोघं त्याच्या खिडकीत उभी राहायची. खाली आवारातून माणसं जायची, आणि तिने त्यांच्याबद्दल बोलायचं.

"तो माणूस?"

"ही लुक्स… लाइक टायर्ड?"

"लाइक कशाला मध्ये? थकलेला आहे ना, मग नुसतं लुक्स टायर्ड. कुणासारखा दिसतो ते सांगायचं असेल तर लाइक घाला. लुक्स लाइक अ टीचर."

"आणि सीम?"

"नुसत्या डोळ्यांनी नाही, सगळं मिळून वाटतं तेव्हा. सीम्स वरीड. आणि पुढे 'टु मी' लावलंत, की ते वाटणं तुमचं. मग मागे हटायचं नाही."

शेवटची तीन वाक्यं मात्र रोज त्याच्यावर असायची. ती त्याच्याकडे बघायची. आधी कपाळाकडे, मग हळूहळू डोळ्यांकडे.

"यू लुक हंग्री. यू सीम… हॅपी. यू लुक लाइक अ थीफ!"

"मी काय चोरलं?"

"माझी जेवणाची सुट्टी," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

महिना असाच गेला. त्या दिवशी ती खिडकीपाशी आली तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता. सकाळी मशीनचा दांडा कानाच्या वर आदळला, तो हसत म्हणाला, नुसतं टेंगूळ आलंय.

"करा सुरू… तीन वाक्यं."

"यू लुक—" ती थांबली. त्याने 'सुरू' म्हणायला फार वेळ लावला होता. आणि डाव्या डोळ्यातली बाहुली… मोठी होती. काल नव्हती!

"अहो, माझ्याकडे बघा. बघा ना!"

"झोप येतेय," तो पुटपुटला आणि भिंतीला कलला.

तिने हाका मारल्या. मोठ्या बाई धावत आल्या, त्याला आडवं केलं, नाडी धरली. "तू पाहिलंस ना? मग फोन तूच लाव!"

टेबलावरचा फोन तिने दोन्ही हातांनी धरला. पलीकडून "येस?" आलं. एक क्षण तिचा हात खरंच खाली यायला लागला… मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"ही लुक्स पेल," ती म्हणाली. "ही सीम्स कन्फ्यूज्ड. लेफ्ट प्यूपिल लुक्स बिग. हेड इंजरी, धिस मॉर्निंग."

काही लोकांच्या बाहुल्या जन्मापासून लहानमोठ्या असतात, सर्जन म्हणाले. याची आधी तशी नव्हती, हे तू कशावरून सांगतेस?

"बिकॉज आय लुक ॲट हिम एव्हरी डे!"

ती ओरडलीच. मग सर्जन म्हणाले, ताबडतोब ऑपरेशनला आणा. मोठ्या बाईंनी नाडी सोडली नाही, पण भुवया पार टोपीपर्यंत चढवल्या.

आत रक्त साचलं होतं. अर्धा तास उशीर झाला असता तर संपलंच होतं, असं नंतर सर्जननी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले, तेव्हा ती टॉर्च घेऊन वाकलेली होती. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. तिने दोनदा तपासलं.

"माझी वाक्यं… राहिलीत."

"यू लुक पेल. यू लुक लाइक अ कॅबेज." पांढऱ्या पट्ट्यांत तो खरंच कोबीसारखा दिसत होता.

"तिसरं?"

तिने टॉर्च बंद केला. "तिसरं इंग्रजीत नाहीये."

"रात्री जरा शुद्ध आली तेव्हा मोठ्या बाई सांगत होत्या, तू फोनवर काहीतरी ओरडलीस…"

"ते डॉक्टरांसाठी होतं."

"मग माझ्यासाठी?"

पळायला दार होतं, उघडंही होतं. तिने तिकडे एकदा पाहिलं. मग पलंगाच्या कडेला बसली.

"मला तू हवा आहेस," ती म्हणाली. "जन्मभर. आणि मला फार भीती वाटतेय."

त्याने पट्ट्यांतलं डोकं तिच्याकडे वळवलं.

"पुन्हा म्हण."

"एकदाच सांगणार होते मी."

"डोक्याला मार लागलाय माझ्या. विसरेन ना!"

तिने पुन्हा म्हटलं.