नामदिवशी घर सोडून

तो पहिल्यांदा आला तेव्हा चिंब भिजलेला होता, आणि त्याच्या बाहीचं पाणी ठिबकत होतं ते थेट नेवेनाच्या नकाशावर.

"अहो, मागे सरा! आख्खी आळी बुडवाल तुम्ही!"

त्यानं दचकून खाली पाहिलं. बेकरीमागच्या चार प्लॉटांवर पाण्याचा एक टपोरा थेंब पसरत चालला होता.

"पूरग्रस्त म्हणून मदत मिळेल का हो त्यांना?" त्यानं विचारलं. चेहरा अगदी गंभीर.

रुसे शहराच्या जमीनमोजणी कचेरीत हसू नये असा काही नियम नव्हता. पण नेवेनाची सवय मोडली होती, म्हणून ते हसू आधी नाकात अडकलं आणि मग शिंकेसारखं बाहेर पडलं.

त्याचं नाव यावोर. दान्यूब नदीच्या काठी, जुन्या धक्क्यापलीकडे त्याची शेड होती. तिथं तो लाकडी नावा बांधायचा, आणि शेडखालच्या जमिनीचा उतारा त्याला हवा होता. त्यानं पिशवीतून कागद काढले, त्यात एका नावेचा आराखडाही निघाला. नेवेनाला राहवलं नाही. पेन्सिलीचं टोक तिनं एका रेघेवर ठेवलं.

"इथं पोट जास्त सुटलंय. कलेल ही."

"माझ्याच मापानं काढलीय," तो आपल्या पोटावर हात ठेवत म्हणाला. "मी कुठं कलतो?"

"खिडकीवर रेललायत तुम्ही. मघापासून."

तो सरळ उभा राहिला... आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मग कधी शिक्क्यासाठी, कधी शिक्क्याच्या नकलेसाठी.

"या माणसाची जमीन आहे की साम्राज्य?" कचेरीच्या मुख्य गांचेवाबाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या. नेवेना मान खाली घालून प्लॉटांच्या हद्दी आखत राहायची. कान मात्र लाल व्हायचे.

नोकरी चांगली होती, हे कबूल करायला हवं. खिडकीतून लिंडनचं झाड दिसायचं. दहा वाजता चहा, पाचला सुट्टी, हिवाळ्यात हीटर इतका गरम की गांचेवाबाई त्यावर मिरच्या वाळवायच्या. पुढच्या वर्षी विभागप्रमुखाची खुर्चीही नेवेनालाच मिळणार होती. सरकारी खुर्ची. तिच्यातून माणूस उठतो तो थेट पेन्शन घ्यायलाच.

आणि एका संध्याकाळी नदीकाठी चालता चालता यावोर थांबला. "नेवेनाबाई, माझ्याकडे याल का? कामाला. नावांचे आराखडे काढायला. माझा हात लाकडावर चालतो, कागदावर लंगडतो. तुम्ही ती एक रेघ बदललीत ना, ती नाव आता अशी चालते... बदकासारखी. पगार इथल्यापेक्षा थोडा जास्तच देईन. नावा विकल्या जातायत तोवर."

"आणि नाही विकल्या गेल्या तर?"

"मग आहेतच की नावा. बसायचं आणि निघून जायचं."

ती हसली. घरी येऊन सूप गरम करायला ठेवलं, आणि तेव्हा कुठं तिला भीती वाटली.

भीती त्या घरात जावयासारखी राहायची. मानानं. तिच्या आईनं एकदा कापडगिरणीची पक्की नोकरी सोडली होती, चुलतभावाच्या नव्या कारखान्यासाठी. कारखाना वर्षभरात बंद पडला आणि पुढचा हिवाळा मायलेकींनी एका खोलीत, अंगावर कोट घालून काढला. आई तेव्हापासून ओट्यावरचं भांडंसुद्धा दुसऱ्या जागी ठेवत नसे. "आहे ते धरून ठेवावं," ती म्हणायची. नेवेनानं तेच केलं होतं.

आणि दुसरी भीती याहून वाईट. आपण हो म्हणायला निघालोय ते नक्की कशाला? आराखड्यांना, की त्याच्या भुवईवर कायम बसलेल्या त्या लाकडाच्या भुशाला? नोकरी बुडाली तर एकच गोष्ट बुडते. इथं दोन्ही एकाच नावेत.

तिनं आईला सांगितलं नाही. गांचेवाबाईंनाही नाही. यावोर खिडकीशी आला की ती आत फाइल शोधायला जायची, आणि तो निघून जाईपर्यंत काही ती सापडायची नाही. "ईस्टरच्या आधी सांगा," एवढंच तो तिच्या रिकाम्या खुर्चीला सांगून गेला.

ईस्टरच्या आधीचा रविवार उजाडला, फुलांचा रविवार. नेवेनासारखी फुलांची, किंवा झाडांची नावं असलेल्या सगळ्यांचा नामदिवस, वाढदिवसासारखाच. नामदिवसाला आमंत्रण नसतं. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि ज्याचा दिवस आहे त्यानं घरी राहून दार उघडायचं. नेवेनाच्या घरी भट्टीत अक्रोड भरलेला मासा होता, शेजारपाजार होता, गांचेवाबाई नवऱ्यासकट होत्या. बाहेर पाऊस लागला होता. दारावरची घंटा वाजली.

सणाच्या, विलो झाडाच्या ओल्या फांद्या हातात धरून यावोर उभा होता.

"चिरायू व्हा," तो म्हणाला. आवाज कोरडा, बाकी सगळा ओला.

"अरे वा, साम्राज्याचे सम्राट!" आतून गांचेवाबाई ओरडल्या. "या, या! बघू दे सगळ्यांना, कोण आमच्या कचेरीचे शिक्के झिजवतं ते!"

आईनं त्याला खुर्ची दिली, माशाची शेपटीकडची बाजू दिली, राकिया दारूचा पेला दिला. नेवेना त्याच्या समोर बसली आणि काट्याशी खेळत राहिली. गांचेवाबाई रंगात आल्या होत्या.

"एवढे हेलपाटे घालता, त्यापेक्षा आमच्याकडेच नोकरी का धरत नाही?"

"मीच तुमची नेवेना माझ्या शेडवर कामाला पळवायला निघालो होतो की," तो हसून म्हणाला. "तिनं... सांगितलं नाही?"

शेजारच्या मावशींनी पाव चावायचा थांबवला.

"पळवायला म्हणजे?" आईनं हळूच विचारलं. "कुठं? त्या धक्क्यावरच्या पत्र्याखाली?"

"नेवेना," गांचेवाबाईंनी चष्मा काढला, "तुझ्यासाठी मी वरच्या साहेबांशी किती भांडले, माहितेय ना तुला?"

नेवेनानं काटा खाली ठेवला. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. थोड्या वेळानं मागे पावलं वाजली.

"चुकलो. मला वाटलं, घरी तरी सांगितलं असेल."

"जा हो तुम्ही."

"जातो. पण ज्यासाठी आलो ते सांगून जातो." त्यानं घसा खाकरला. "येऊ नका माझ्याकडे. मी... शब्द मागे घेतो."

ती गर्रकन वळली. इतके दिवस हेच तर हवं होतं तिला – कुणीतरी ठरवून टाकावं. मग हे छातीत काय फाटलं?

"का?"

"दुसरं कुणी असतं तर बिनधास्त घेतलं असतं कामावर. धंदाच तो, चालतो, बुडतो. पण तुमचा हीटर, तुमचं झाड, तुमची खुर्ची... सगळं सोडून तुम्ही आलात आणि मी बुडालो, तर ज्या नजरेनं तुम्ही माझ्याकडे बघाल ना... त्या नजरेची भीती वाटते मला. झोप लागत नाही. बोटीला खिळा ठोकताना अंगठा ठेचून घेतला."

त्यानं अंगठा दाखवला. खरंच काळानिळा होता.

नेवेनानं त्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं.

"थांबा. यावोर हे झाडाचं नाव."

"हो."

"म्हणजे आज तुमचाही नामदिवस!"

"हो..."

"मग तुमच्या घरी कोण आहे?"

"कुणी नाही. दार बंद आहे."

"आणि पाहुणे?"

"आले असतील," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काका तर खेड्याहून येतो. जिन्यात उभा असेल. शिव्या देत."

नामदिवशी दाराला कुलूप! असं करणाऱ्याबद्दल लोक वर्षभर बोलतात. आणि हा माणूस पाहुण्यांना जिन्यात सोडून, भर पावसात, 'येऊ नका' एवढं सांगायला शहराच्या या टोकाला आला होता. भीती गेली नाही तिची, छे. उलट वाढलीच. पण आता नेवेना एकटी नव्हती, तिच्यासमोर तितकाच घाबरलेला एक माणूस काळा अंगठा घेऊन उभा होता.

तिनं कोट उचलला.

बाहेरच्या खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. "बाई," ती गांचेवाबाईंना म्हणाली. आवाज कापला, तिनं तो कापू दिला. "मी उद्या राजीनामा आणते."

"डोकं शांत होऊ दे, पोरी. ईस्टर होईपर्यंत तुझी जागा मी कुणाला देत नाही."

परतीचा रस्ता होता तो. मऊ, उबदार. नेवेनाला तो दिसलाही.

"द्या, बाई," ती म्हणाली. "उद्याच देऊन टाका."

"आणि आत्ता पाहुणे टाकून कुठं निघालीस?" आईचा आवाज चढला.

"यांच्या पाहुण्यांकडे. ते बिचारे बाहेर उभे आहेत."

आई क्षणभर तशीच बसली. मग उठली, उरलेला मासा ताटात काढला, वर फडकं बांधलं आणि तिच्या हातात कोंबलं. "रिकाम्या हातानं जाऊ नये. आणि ऐक, मला भीती वाटतेय, सांगून ठेवते."

"मलाही, आई."

भर पावसातून दोघं जवळजवळ धावतच गेली. जिन्यात काका होते, काकू होती, दोन शेजारी. सगळे पायऱ्यांवर बसलेले, राकियाची बाटली निम्मी झालेली.

"आला! नामदिवसाचा नवरदेव!" काका गरजले. "आणि ही कोण?"

"ही... म्हणजे ही..." यावोर किल्ली कुलपात घालायला लागला. ती शिरेना.

"यांच्याकडे कामाला लागलेय," नेवेना म्हणाली. "पगार ठरायचाय अजून."

"एवढंच?" काकूनं तिरका डोळा केला.

"एवढंच नाही," यावोर दाराकडेच तोंड करून म्हणाला. "पण तिला अजून सांगितलेलं नाही मी."

"मग सांग की लवकर, मेल्या! गारठलो आम्ही!" काका ओरडले.

नेवेनानं ताट काकूच्या मांडीवर ठेवलं आणि यावोरच्या हातावर हात ठेवला.

"दार उघडेपर्यंत वेळ आहे तुला," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "सांग."

आणि सगळा जिना कान टवकारून ऐकत असताना त्यानं सांगितलं. किल्लीचं मात्र पुढं बराच वेळ कुणाला भान राहिलं नाही.