बरोबरच्या दोन्ही बाजू

भवानी पेठेतून जुळे सोलापूरला निघालेली शेअर रिक्षा खड्ड्यात आदळली, आणि पायलची वही थेट शेजारच्याच्या पायाशी!

त्यानं ती उचलली. देता देता नजर पानावर थबकली.

"हे पाच... पलीकडं कसे गेले?"

"चिन्ह बदलून जातात की!" पायल फणकारली. दिवसभर शाळेच्या गणवेशांना बटणांची काजं करून तिची बोटं आखडली होती. "दोनदा नापास झालेय दहावीच्या गणितात. तेवढं तरी माहीत हाय मला."

तो हसला. गालाला बारीकशी खळी पडली... आणि तिला नेमकी तीच दिसली.

"ते जात नाहीत कुठं. तीन एक्स अधिक पाच, बरोबर वीस. दोन्ही बाजूंतून पाच काढा. इकडं तीन एक्स, तिकडं पंधरा. आता दोन्हीकडं तीननं भागा."

"एक्स... पाच?" तिनं ताळा घेतला. तीन पाचे पंधरा, अधिक पाच, वीस. "अगं बाई! खरंच की!"

त्याचं नाव शिवपुत्र. अक्कलकोटकडचा, बोलण्याला कानडी हेल. पेठेतल्याच एका शाळेत नुकताच गणित शिकवायला लागलेला.

मग रोज संध्याकाळी तीच रिक्षा. फेरपरीक्षेला महिना उरला होता. "ह्या बारीला राहिलीस तर मामाच्या पोराशी लगीन," असं तात्याबांनी, तिच्या वडिलांनी, बजावलं होतं. पास झाली तर आयटीआयला शिवणकामाचा वर्ग.

एकदा तिनं डावीकडं चारनं गुणलं, उजवीकडं विसरली.

"एका बाजूला केलं ते दुसऱ्या बाजूलाही," तो म्हणाला. "नाहीतर ती बरोबरची खूण खोटी पडते."

"लई कडक हाय बाई तुमची खूण!"

"माझी कुठली? वही तुमची, खूणही तुमचीच." वही परत देताना बोटाला बोट लागलं. दोघंही उगाच बाहेर बघत बसले.

परीक्षेला आठवडा असताना तो दिसेनासा झाला. चार दिवसांनी रिक्षावाले निंगप्पामामा म्हणाले, "गल्लीतली मान्सं बोलाय लागली, पोरी. सर म्हनले, तिच्या परीक्षेत इघ्न नको. आता लवकरच्या बसनं जातात."

पायलच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पण वही मिटली नाही. एकटीनं समीकरणं सोडवली, प्रत्येकाचा ताळा घेतला, आणि पेपरही तसाच दिला... एकाही ओळीला न घाबरता.

निकाल लागला. गणितात अडुसष्ट!

तात्याबांनी गुण तीनदा वाचून घेतले. "जा, घे तुज्या वर्गात नाव," एवढंच म्हणाले आणि फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्याची शाळा सुटताना पायल फाटकाशी उभी. शिवपुत्र समोर येऊन थबकला.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. "मला ठाऊकच होतं!"

"आणि मला काय वाटतं ते? ते ठाऊक करून घ्यावं वाटलं न्हाई? एकट्यानंच ठरवून मोकळे! माझ्या बाजूला विचारलंत?"

तो गोरामोरा झाला. पोरं भोवतीनं धावत होती.

"चुकलो," तो हळूच म्हणाला. "आता विचारतो. मला तुम्ही... लई आवडता. तुमचं काय?"

"मलाबी," पायल म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. दोन पोरी फिस्सकन हसल्या, पण तिनं मान खाली घातली नाही. "रविवारी घरी या. तात्यांशी मी बोलते."