मागं रहा रं, ठकी

पाळी सुटली तेव्हा वनिताच्या अंगात त्राण नव्हतं. आठ तास पॅकिंगला उभं राहून पोटऱ्यांत गोळे आले होते. साजगावहून कर्जतकडं जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती कशीबशी चढली. पाळी नवी, तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. खिडकीशी टेकून तिनं हेडफोन कानात घातले आणि मोबाईलवरचा रोजचा खेळ उघडला.

पाच गडी इकडं, पाच तिकडं. वनिता तिरंदाज. खेळात नाव घेतलं होतं आजीचं, ठकी. माइक मात्र कायम बंद. बाईचा आवाज ऐकला की पोरं खेळ सोडून चेष्टा करतात, हे तिला ठाऊक होतं.

"मागं रहा रं, ठकी! मी अंगावर घेतो, तू लांबून मार!"

ती दचकली. सहा महिने हाच आवाज तिच्या दमलेल्या जिवाला धरून होता. खेळात पोरं कसलीही नावं घेतात, म्हणून तिलाही पोरगा समजून 'रं' म्हणणारा, तिच्याच बाजूनं खेळणाऱ्या देवेशचा. पण आज तो दोनदा आला... आधी पुढच्या सीटवरून, मग कानात!

पुढं निळ्या शर्टातली एक वाकलेली पाठ. शेजारच्या जागेवर डब्याची पिशवी.

"ठकी, हा शेवटचा डाव हां," तो म्हणत होता. "उद्यापासून मी नाय खेळणार. दमलो रं. भिंतीशी बोलल्यागत वाटतं. तू तर कदी एक शबूद बोलत नायस."

वनिताचं बोट माइकच्या खुणेवर गेलं. बोलावं, तर हसेल... न बोलावं, तर हा आवाजच जाईल.

तेवढ्यात देवेश एकटाच पुढं घुसला. समोरचे पाचही गडी त्याच्यावर तुटून पडले. तिचा बाण तिथवर पोचेना. तिनं माइक चालू केला.

"एवढा पुढं जाऊ नको रं! मागं सरक... भातलावणीत सरकतो तसा! एक मूठ लाव, एक पाऊल मागं!"

तो सरकला. मारत, सरकत, तिच्या बाणाच्या टप्प्यात आला. एकेक करून पाचही आडवे झाले.

तिचा आवाज त्यालाही मागच्या सीटवरून ऐकू आला होता. मग तो हळूच वळला. "ठकी... तू?"

"वनिता. कडावची. ठकी माझी आजी."

"आन मी सा महिने रं रं करतोय!" त्याचे कान लाल झाले. "मग बोलली का नाय?"

"तूच म्हणायचास ना, मागं रहा? राहिले."

तो हसला. दमलेलं, पण पोटातून आलेलं हसू. बाहेर पिकल्या भाताचा वास सुटला होता.

"उद्या खेळशील?" तिनं विचारलं.

त्यानं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ते बघू," तो म्हणाला. "आदी... पुढं ये गं."

पाय ठणकत होते. तरी ती उठली.